परसातल्या कोंबडीची बाजू

परसात पाच-सहा कोंबड्या पाळाव्यात आणि जमेल तेवढी अंडी, भाजी, कडधान्ये जवळच्या शेतकऱ्याकडून घ्यावीत, असे म्हटले की दोन बाजूंनी आवाज उठतो. पोल्ट्रीचे कैवारी म्हणतात, ही हौस आहे. देशाला अंडी पुरवायची तर पिंजरेच लागतील. गावरानचे भक्त मात्र अशा आरत्या ओवाळतात, की अंडे खायचे आहे की औषध घ्यायचे आहे तेच समजू नये. कैवाऱ्यांना उत्तर द्यायचेच आहे. पण आधी भक्तांचा समाचार घ्यायला हवा, कारण परसातल्या कोंबडीची बाजू त्यांनीच जास्त लंगडी केली आहे.

त्यांचा पहिला दावा असा, की तपकिरी अंडे पांढऱ्यापेक्षा पौष्टिक. हे खोटे आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा तिच्या खाण्यावर. पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क खाद्यात मिसळला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही गर्द होतो. साधारण आकाराच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, कवच कुठल्याही रंगाचे असो. मोकळ्यावर चरणाऱ्या, किडे आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीच्या बलकात काही जीवनसत्त्वे थोडी जास्त मिळू शकतात. पण ते श्रेय तिच्या चरण्याचे आहे. रंगाला भुलणाऱ्या गिऱ्हाईकाला रंगच विकला जातो. पांढरी अंडी तपकिरी रंगवून ‘गावठी’ म्हणून खपवण्याचे प्रकार त्यातूनच जन्मतात.

दुसरा दावा पैशाचा, आणि तो अधिक घातक. कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काळी कोंबडी; तिच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा गाजला. पैसे भरा, पिल्ले न्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशा बोलीवर शेतकरी गुंतले आणि बुडाले. त्यात कोंबडीचा दोष काहीच नव्हता. तिला सोन्याची अंडी घालायला लावणाऱ्या हिशेबाचा होता.

आता कैवाऱ्यांकडे वळू. त्यांचा मुख्य मुद्दा वजनदार आहे. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि विखुरलेल्या उत्पादकांना भावाच्या बाबतीत एक आवाज मिळाला. हमालापासून वसतिगृहातल्या विद्यार्थ्यापर्यंत साऱ्यांना परवडेल असे अंडे पोल्ट्रीनेच दिले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यावरून परसातली कोंबडी निरुपयोगी ठरते का? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीचा हिशेब माणशी वर्षाला 180 अंडी असा सांगितला जातो. म्हणजे चौघांच्या घराला 720. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पाच कोंबड्यांची तीनशेवर जातात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केलेली ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे देऊ शकते, म्हणजे पाच कोंबड्यांत घराची गरज भागते. ज्या घरात रोजचे अंडे विकत आणणे जमत नाही, तिथे हा आकडा हौसेचा नसतो. शिवाय 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या सुमारे 85 कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ 32 कोटी पक्षी परसातले होते, आणि 2012 च्या तुलनेत त्यांची संख्या 45 टक्क्यांहून अधिक वाढली होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला खेळ कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप रोगाचा. मोकाट कोंबड्या बर्ड फ्लू आणतात, असे सांगितले जाते. भारतात हा रोग पहिल्यांदा निश्चित झाला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि नवापूर ओळखले जाते ते व्यावसायिक पोल्ट्र्यांसाठी. 2021 मध्ये पुन्हा तिथेच पक्षी मारावे लागले. परसातल्या पक्ष्यांना हा रोग होत नाही, असे मुळीच नाही. रानपाखरांशी आणि उघड्या पाण्याशी त्यांचा संबंध येतो, म्हणून पाणी झाकून द्यावे आणि मेलेला पक्षी उकिरड्यावर फेकू नये. पण हजारो पक्षी एका छपराखाली असले की एका पक्ष्याचा रोग काही दिवसांत साऱ्या शेडचा होतो. गर्दीतला हा धोका झाकण्यासाठी औषधांचा मारा झाला, आणि माणसाच्या गंभीर आजारात राखून ठेवायचे कोलिस्टिन कोंबड्यांना देण्यावर सरकारला 2019 मध्ये बंदी घालावी लागली.

तिसरा आक्षेप किमतीचा. गावठी अंडे महाग पडते, हे खरे. पण स्वस्त अंड्याच्या हिशेबात काय धरलेले नसते, तेही पाहावे. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा येते. टंकलेखनाचा कागद याहून मोठा असतो. तिला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम मका-सोयाचे खाद्य लागते. परसातली कोंबडी कणी, कोंडा, खळ्यात सांडलेले दाणे, शेणातल्या अळ्या आणि वाळवी टिपून बरेचसे पोट भरते. माणसाच्या पानात न येणाऱ्या वस्तूचे अंडे करणे हीच तिची कमाई.

आणि ही कमाई कोणाची, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर, दुधाचे बिल त्याच्या खात्यात, उसाचा हप्ताही तिथेच. खुराडे मात्र घरातल्या बाईचे. डालगे उचलणे, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणे, मुंगूस-घारीपासून पिल्ले राखणे तिचे. आणि आठवडी बाजारात अंडी, तलंग किंवा कोंबडा विकून आलेला पैसाही बऱ्याच घरांत तिच्याच कनवटीला राहतो. वह्या, औषधपाणी, माहेरचा प्रवास त्यातून निघतो. परसातल्या कोंबडीचे खरे समर्थन इथे आहे. आरोग्याच्या जाहिरातीची तिला गरज नाही.

म्हणून तिच्या बाजूने मागायचे ते नेमके मागावे. देशी कोंबड्यांचा मोठा शत्रू मानमोडी. लस स्वस्त आहे, पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि मिसळल्यावर काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? पहाटे खुराडी उघडण्याआधी सगळ्या वाडीच्या कोंबड्यांना एकदम लस देणे, हाच मार्ग. आणि तो पशुसंवर्धन खात्याने नियमाने चालवायला हवा. सुधारित जातीची पिल्ले वाटून फोटो काढण्यापेक्षा हे काम मोठे आहे. त्या जाती सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे दर खेपेला नवी पिल्ले विकत आणावी लागतात. म्हणून त्यांच्याबरोबर अंड्यांवर बसणारी देशी कोंबडीही टिकवली पाहिजे.

गिऱ्हाईकाचीही जबाबदारी आहे. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा तासांहून अधिक उजेड लागतो; आपल्याकडे हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी घटतात. पोल्ट्रीत दिवे लावून ही तूट भरतात, परसात ती सोसावी लागते. बाराही महिने, ठरलेल्या दिवशी, एकाच आकाराची डझनभर अंडी हवी असणाऱ्याने पोल्ट्रीचीच घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. पण गावठीच हवी असतील, तर रंग बघण्याऐवजी विकणारीला विचारावे : किती कोंबड्या आहेत, काय खातात, औषध कधी दिले होते? पोल्ट्रीच्या ट्रेला हे प्रश्न विचारता येत नाहीत. बाजारात समोर बसलेल्या बाईला विचारता येतात, आणि खोटे सांगितले तर पुढच्या आठवड्याचे गिऱ्हाईक तिच्या हातून जाते. जवळच्या मालावर मिळणारी हमी ती हीच, आणि तिच्यासाठी दोन रुपये जास्त मोजण्यात घासाघीस करू नये.