खरी मेख

बऱ्याच दिवसांनी इकडे लिहितोय. मधल्या काळात आत्याचे दोनदा फोन आले, "पायवाटेचं झालं का रे?" म्हणून. आमच्या घराण्यात मी आता फरशीवाला म्हणूनच ओळखला जाणार असं दिसतंय. तेव्हा एकदा सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. शिवाय या विषयावर माझं एक ठाम मत झालंय आणि ठाम मत झालं की ते इथे टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे नेहमीच्या मंडळींना माहीत आहेच.

मत असं: बागेतल्या पायवाटेला फरश्या कुठल्या लावल्या याला फारसं महत्त्व नाही. कडेची पट्टी जमिनीत कशानं आणि कुठे ठोकलीय, याला आहे.

आमच्या न्यू जर्सीतल्या घरापुढे, गाडी लावायच्या जागेपासून दारापर्यंत चाळीस फुटांची वाट आहे. 2021च्या उन्हाळ्यात तिथलं जुनं तडकलेलं काँक्रीट काढून पेव्हर बसवायचं ठरलं. रंग निवडायला आम्हाला तीन आठवडे लागले. बायकोला तांबूस हवे होते, लेकीला करडे, मला स्वस्त. शेवटी करड्यात तांबूस झाक असलेले घेतले. कंत्राटदाराच्या कागदावर सगळ्यात खाली एक ओळ होती: कडेची पट्टी, लोखंडी मेखा, दर फुटाला एक. मी मंडईत घासाघीस करत वाढलेला माणूस. म्हटलं, इथे काही कमी होईल का? तो म्हणाला, होईल की. मेखा प्लास्टिकच्या घेऊ, तीन फुटांवर एक मारू, आणि खालची खडी फरशीच्या रुंदीपुरतीच टाकू. तीनशे डॉलर वाचले. मी खूश, तोही खूश.

ही तीनशे डॉलरची गोष्ट मी आजपर्यंत आईला सांगितलेली नाही. आता ती हे वाचेल. असो.

पेव्हर एकमेकांना चिकटवलेले नसतात. खाली चार ते सहा इंच ठोकून बसवलेली खडी आणि कच, त्यावर इंचभर वाळू, वाळूवर पेव्हर आणि सांध्यांत पुन्हा वाळू. बस्स. त्यावर पाय पडला की तो भार शेजारच्याला, शेजारचा त्याच्या शेजारच्याला असा पसरत जातो. लोकलच्या डब्यात आपण काही न धरता उभे राहतो ना, कारण चारी बाजूंनी माणसं असतात, तसंच. पण दारातल्या माणसाचा हात सुटला तर? कडेचा पेव्हर जरा बाहेर सरकला की सांधा उघडतो, सांध्यातली वाळू खाली जाते, मग दुसरा सैल होतो, मग तिसरा. आणि कडेचा पेव्हर सरकू नये म्हणून जी काटकोनी पट्टी लावतात, ती धरून ठेवायला असतात फक्त त्या मेखा. आपण मराठीत 'खरी मेख इथेच आहे' म्हणतो, ते मला प्रथमच शब्दशः पटलं.

माझ्या मेखा होत्या खडीच्या बाहेर, मातीत. आमच्याकडची माती लाल आणि चिकट, पाणी धरून ठेवणारी. पाण्याचं बर्फ झालं की ते नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो होतो. पण नुसतं तेवढंच होत नाही. गोठणारी माती खालचं पाणी वर ओढून घेते, त्या पाण्याचे बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि माती मेखेला धरून वर उचलते. वसंतात बर्फ वितळतं, पण तोवर मेखेखालच्या पोकळीत माती घसरलेली असते, त्यामुळे मेख परत खाली जात नाही. पुढच्या थंडीत आणखी थोडी वर. खडीत पाणी थांबतच नाही, म्हणून तिथे ठोकलेली मेख बरीचशी जागेवर राहते. 2023च्या मार्चमध्ये आमच्या काही मेखा गाजरं उपटावीत तशा हातानं निघत होत्या. मी त्या पायानं परत खाली दाबल्या आणि विसरून गेलो.

2024च्या एप्रिलमध्ये आई साताऱ्याहून आली. चौथ्या दिवशी सकाळी फुलं आणायला म्हणून निघाली आणि वळणावरचा कडेचा पेव्हर तिच्या काठीखाली कलंडला. मी खिडकीतून बघत होतो. पडताना तिनं आधी चष्मा धरला, मग हात टेकला. मनगटाचं हाड बारीकसं चिरलं, दीड महिना प्लास्टर. ज्यांच्याकडे पाहुण्यांचा इथला विमा आणि त्याच्या अटी हा विषय झालाय, त्यांना पुढचं सांगायला नको. मला आठवतं ते वेगळंच. इमर्जन्सीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "अरे, माझंच लक्ष नव्हतं." आणि मी गप्प बसलो.

प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि मी समोर कडा उकरत असायचो. एकदा म्हणाली, "अण्णा शाळेत विटा लावायचे, आठवतं का?" आठवत होतं. पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेच्या बागेतल्या वाफ्यांना तिरक्या विटांची कड करायचे. वीतभर चर, त्यात वीट तिरकी, अर्धी आत अर्धी बाहेर, मग टाचेनं माती दाबायची, मग एक गेरू, एक चुना. तुमच्यापैकी निम्म्यांच्या शाळेत असणार ही कड. मला लहानपणी वाटायचं की अर्धी वीट वाया जाते. "बाहेरची अर्धी रंगवायला, आतली अर्धी उभं राहायला," आई म्हणाली. अण्णांचं वाक्य की तिचं, विचारायचं राहून गेलं.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र नीट केली. इथे 811 नंबरला फोन केला की जमिनीखालच्या वायरी आणि नळ कुठे आहेत ते फुकट खुणा करून देतात: गॅस पिवळा, वीज लाल, फोन-केबल नारिंगी, पाणी निळं. दहा इंचाच्या मेखेसाठी कशाला फोन, असं म्हणणारे शेजारी मला भेटले. आमच्या वळणाच्या जेमतेम हातभर बाजूनं पिवळी रेघ गेली. तिच्याजवळ मी घण उचललाच नाही, सगळं हातानं उकरलं.

बाकी काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगतो. दोन्ही कडांचे पेव्हर काढले. सहा इंच बाहेरपर्यंत माती काढून खडी भरली, ती थराथरानं धुमसानं ठोकली. पट्टी मातीवर नाही, वाळूवरही नाही, थेट त्या खडीवर बसवली. मेखा लोखंडी, दहा इंची, करंगळीएवढ्या जाड, सरळ भागात फुटावर एक आणि वळणावर जवळजवळ. शंभरेक लागल्या, सव्वाशे डॉलरच्या आसपास. पट्टीचा वरचा काठ पेव्हरच्या खाली राहील आणि मेखेचं डोकं पट्टीला टेकेल इतकं ठोकायचं, नाहीतर गवत कापायच्या यंत्राचं पातं गेलंच किंवा अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय. ठोकताना मेख जोर लावल्यावर, कुरकुरत आत जायला हवी. सहज गेली तर खाली खडी नाही, माती आहे असं समजावं. आणि हो, खुंटा हलवून बळकट करायच्या भानगडीत पडू नका, ठोकलेल्या खडीत हलवलेली मेख कायमची सैल होते.

आता मतभेदाचं. गेल्या वेळी इथे फोटो टाकले तेव्हा दोघातिघांनी लिहिलं होतं की कडेला काँक्रीट ओता, कायमची कटकट जाते. पुण्यात ठीक आहे, तिथे जमीन गोठत नाही. इथे पातळ काँक्रीटची कड थंडीत जमिनीबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकते, आणि तडकली की फोडून काढण्याशिवाय उपाय नाही. मेख वर आली तर दोन घाव घालून खाली जाते. दुसरं, सांध्यात भरायची ती घट्ट होणारी पॉलिमरची वाळू. ती मुंग्या आणि तण थोपवते, पण बाजूला सरकणाऱ्या पेव्हरला धरून ठेवणं तिचं काम नाही. आणि प्लास्टिकच्या मेखा फुलांच्या वाफ्याला, गवताच्या कडेला खुशाल वापरा. जिथे माणूस चालतो तिथे नको. यावर माझ्याशी वाद घालायला या, चहा आहे.

जाता जाता एक गंमत. रोमन कवी स्टेशियसनं इ.स. 95च्या सुमाराच्या एका नव्या रस्त्यावर कविता केली होती. रस्ता कसा बांधतात हे सांगताना तो दोन्ही बाजूंचे कडेचे दगड आणि जागोजागी ठोकलेल्या पाचरीही विसरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला दिसल्या आणि मी कागदावरची तीच ओळ खोडली!

आई यंदा मे महिन्यात पुन्हा आली. पहिल्या दिवशी त्या वळणावर थांबली, काठीनं कडेचा पेव्हर दोनदा ठोकून बघितला, आणि पुढे गेली. मला काही बोलली नाही. पागोळीचं पाणी जिथे पडतं तिथली एक मेख अर्धा इंच वर आलीय, ती तिला दिसली नसावी. पाण्याचा पाइप लांब करायला हवा. शनिवारी करतो.