फुलपाखरू हवे, अळी नको!

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळाई मिरविणाऱ्या या फुलपाखराला मराठीत नीलवंत असे साजेसे नाव आहे. मात्र या मानकऱ्याचे बालपण पपनस, लिंबू, माकडलिंबू अशा झाडांची पाने कुरतडण्यात जाते. आणि त्या अवस्थेत तो एखाद्या सद्‌गृहस्थाच्या लिंबावर सापडला, तर त्याच्या वाट्याला मान नव्हे, कीटकनाशकाचा फवारा येतो.

घराभोवती पाखरे यावीत, फुलपाखरे बागडावीत, ही हौस शहरांतून वाढत आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु हौस फुलांपाशी थांबते, हा तिचा दोष. फुलातील मध ही फुलपाखराची न्याहारी. तेवढ्याने त्याचा संसार होत नाही. मादी अंडी घालते ती अळीला खाता येईल अशाच पानावर, आणि या निवडीत ती कमालीची काटेकोर असते. लिंबाचे फुलपाखरू कढीलिंब, लिंबू किंवा बेल शोधीत येते. ज्या रुईच्या चिकाला गुरेढोरेही तोंड लावीत नाहीत, त्या रुईवर एका तांबूस नारिंगी फुलपाखराच्या अळ्या सुखाने पोसतात. ईश्वरीच्या वेलाला आणखी निराळे गिऱ्हाईक आणि माळी ज्याला झाडाचा शत्रू समजून उपटतो, त्या बांडगुळालाही स्वतःचे असे एक देखणे फुलपाखरू आहे.

जुन्या परसात यांपैकी काहीही फुलपाखरांसाठी म्हणून लावलेले नसे. कढीलिंब आमटीसाठी, लिंबू लोणच्यासाठी, बेल पूजेसाठी. रुई कुंपणापाशी आपोआप उगवे आणि शनिवारी मारुतीला तिची माळ लागते म्हणून कोणी तिच्या मुळावर येत नसे. आजच्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात आखीव हिरवळ असते, क्रोटनच्या रांगा असतात आणि महिन्याच्या महिन्याला औषध मारणारा कंत्राटदार असतो. पानाला छिद्र दिसले की सभासदाची तक्रार आलीच! केसाळ सुरवंटाने अंगाला खाज सुटते हे खरे. पण त्याच्या अपराधाची शिक्षा सरसकट साऱ्या अळ्यांना देण्याचे कारण नाही.

या फवाऱ्याने केवळ फुलपाखरेच मरतात असे नव्हे. चिमणी दाणे टिपते, तथापि कोवळ्या पिलांच्या चोचीत ती अळ्या आणि किडेच भरविते. जास्वंदीवर लटकून मध पिणाऱ्या शिंजिराला पिलांसाठी किडे आणि कोळी लागतात, शिवाय घरटे विणावयास कोळ्यांची जाळी लागतात. रुंद पाने शिवून घरटे करणारा शिंपी, शेपटीचा पंखा फुलवीत फिरणारा नाचण, पहाटे गाणारा दयाळ हे सारे कीटकांवर जगणारे. अळ्यांचा नायनाट करून या पाखरांची वाट पाहणे म्हणजे चूल विझवून पाहुण्यांना जेवावयास बोलाविणे होय.

धान्य टाकले की पाखरे येतात, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. पोत्यांनी पडणाऱ्या धान्यावर शहरात वाढतात ती मुख्यतः कबुतरे. २०२५ साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद उसळला व न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या दोन्ही बाजू काही असोत, नाचणाला किंवा दयाळाला त्या धान्याचा काडीचाही उपयोग नव्हता. त्यापेक्षा उन्हाळ्यात सावलीला ठेवलेली, मांजरापासून दूर असलेली पाण्याची मातीची परात अधिक पाखरांच्या कामी येते. तिच्यातील पाणी मात्र रोज बदलावे. डेंगीचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते, हे पाहून कित्येक जण ती मुद्दाम लावतात. हे टाळलेले बरे. अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपाची फळे बुलबुल आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात; या झुडपाने देशातील रानेच्या राने व्यापली आहेत. मधासाठी जास्वंद, पेंटगूळ पुरेशी आहेत.

परस नाही ही सबब शहरवासीयांकडून पुढे येईल, पण ती टिकणारी नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत फवारणीचे कंत्राट मंजुरीला येते तेव्हा आवाराचा एक कोपरा त्यातून वगळण्याचा ठराव कोणाही सभासदाला मांडता येतो. ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांना सज्जा आहे आणि शिक्षकांना वर्गाची खिडकी आहे. तेथे कढीलिंबाची एक कुंडी ठेवली, तर पावसाळ्यात कधीतरी लिंबाची मादी येऊन कोवळ्या पानावर मोत्याएवढेही नसलेले अंडे ठेवून जाते. त्यातून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे पानासारखी हिरवी होते आणि डिवचली असता डोक्यामागून उग्र वासाची नारिंगी शिंगे बाहेर काढते. पुस्तकातील चित्रात मुले जे पाठ करतात ते सारे साधारण महिन्याभरात त्या कुंडीत घडून जाते. कढीलिंबाला पुढे नवी पालवी फुटतेच.