अनामत आणि केर

आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत मुलांनी आपापल्या नानी-दादीकडून जुन्या दखनी म्हणी रेकॉर्ड करून आणल्या. मी त्या संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये ठेवल्या. सुट्टीनंतर पाहतो तर सगळ्या गायब. आपोआप सफाईचे बटण कुणीतरी चालू केले होते. त्यातली एक दादी आता हयात नाही.

टेम्पररी फाइली पुसायलाच हव्यात. प्रोग्रॅम त्या स्वतःच्या कामासाठी बनवतो, नंतर त्या फक्त जागा अडवतात. विंडोजच्या 'स्टोरेज सेन्स'मध्ये डाउनलोड्सची सफाई मुळात बंद असते. तिथे माणसाने ठेवलेली वस्तू असते.

सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड वर्ग असतात. 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभराने नष्ट करायचा. पण वर्ग ठरवतो माणूस. यंत्र फक्त तारीख पाहते.

उर्दूत जी अमानत, तीच मराठीत अनामत. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने विचारल्याशिवाय ती टाकायची नसते. यंत्राने आपला केर खुशाल काढावा. आमच्या ठेवीला हात लावण्याआधी विचारावे. आणि माझ्यासारख्याने अनामत उंबऱ्यावर ठेवू नये, कपाटात ठेवावी.