काचेच्या तळाशी नाव

तारिहाळच्या आमच्या घरी येणारा पाहुणा दिवाणखान्यातील काचेच्या फुलदाणीपाशी हमखास थबकतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, केवढ्याला पडली?’ ही फुलदाणी स्वीडनमधील ऑरेफोर्स कारखान्यात १९५०च्या दशकात घडलेली. मुलीकडे गेलो असताना ती मला तिकडच्या जुन्या बाजारात मिळाली. किंमत न सांगता मी ती हलकेच उलटी करतो. तळाशी कारखान्याचे नाव आणि रचनाकाराची खूण कोरलेली आहे. वस्तू कोणाच्या कल्पनेतून उतरली, हे त्या दोन अक्षरांवरून अर्धशतक उलटल्यावरही कळते.

काच जमविणे हा श्रीमंती चोचला आहे, असे आमचे काही व्यवसायबंधू म्हणतात. मला ते पटत नाही. संग्रहाचे मोल किमतीत नसून माहितीत असते.

बाटल्या आणि घरगुती काचसामान करणाऱ्या ऑरेफोर्सने १९१६ साली सिमोन गाते आणि पुढच्याच वर्षी एडवर्ड हाल्ड या चित्रकारांना कामावर घेतले. कलावंताला भट्टीपाशी उभे करण्याचा हा प्रघात पुढे टिकला. इंगेबोर्ग लुंडिन या रचनाकार स्त्रीचे ‘सफरचंद’ १९५७ साली मिलानच्या प्रदर्शनात मांडले गेले. फुग्यासारखी फुगवलेली, आरपार दिसणारी ती काच आज त्या काळाची ओळख ठरली आहे.

योगायोग असा की, त्याच १९१६ साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्याआधी १९०८ साली तळेगावला लोकांच्या पैशापैशातून पैसाफंडाचा कारखाना उभा राहिला होता. ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी अभ्यास केला. आतून ज्योतीची धग आणि बाहेरून गार वारा, तरी तडकायचे नाही, ही कंदिलाच्या काचेची परीक्षा फुलदाणीपेक्षा निश्चितच कठीण.

असाच एक कंदील माझ्या वडिलांच्या दवाखान्यात होता. रात्री दिवे गेले की त्याच्या उजेडात ते कण्हणाऱ्या मुलांना तपासत. शेजारी उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंज आणि मिक्श्चरच्या बाटल्या असत. बाटलीवर मात्रा दाखविणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. दवाखाना हलविताना हे सारे मी स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या पोत्यात घातले. परदेशी फुलदाणी मात्र शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन विमानातून आणली! हा विसंवाद मला फार उशिरा उमगला, आणि तो अजून सलतो.

ओगलेवाडीची भट्टी विझली, तशी ऑरेफोर्स गावातील भट्टीही २०१३ साली थंडावली. कारखाने कोठेच अमर नसतात. फरक एवढाच की, तिकडे वस्तूबरोबर तिची हकीकतही जपली गेली. अर्थात काच फुंकणाऱ्या कारागिराचे नाव सहसा तेथेही तळाशी नसते. त्याची फुंकर तेवढी काचेत राहते. आपल्याकडे तर वस्तू आणि तिची हकीकत दोन्ही पोत्यात जातात.

रुग्णाची पूर्वपीठिका टिपल्याशिवाय आपण औषध लिहीत नाही. मग आपल्याच व्यवसायाची पूर्वपीठिका का टिपू नये? व्यवसायबंधू-भगिनींना माझी एक सूचना आहे. मंडळाच्या सभागृहात एक कपाट ठेवावे. प्रत्येक सभासदाने घरातील एक जुनी काच आणावी : सिरिंज, बाटली, खल, कंदील, काहीही. तिच्यासोबत एक चिठ्ठी असावी : कोणाची, कोठून आली, कोणी वापरली. ठाऊक नसेल तर घरातील वृद्धांना विचारावे, आणि तेही याच वर्षी. चिठ्ठीविना वस्तू मात्र स्वीकारू नये.

पहिली चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. तिच्यावर वडिलांचे नाव आहे, त्या कंदिलाचे वर्णनही आहे. कपाटात तिच्यामागची जागा मात्र रिकामीच राहील.