एकखांबी तंबू

गेल्या वैशाखात ग्वाल्हेरच्या एका लग्नाची पत्रिका आमच्या बडोद्याच्या घरी आली आणि आमच्या नातवाने लग्नास येण्याचे साफ नाकारले. परीक्षा आटोपलेली, शाळेला सुट्टी लागलेली, आणि ग्वाल्हेरचे आप्त म्हणजे मुलांचे लाड पुरविण्यात नावाजलेले. तेव्हा या नकाराचे कोडे कोणासच उलगडेना. अखेर आम्ही त्यास एकीकडे घेऊन विचारले. तो म्हणाला, "आजोबा, मी दहा दिवस नसलो तर माझं राष्ट्र बुडेल. खजिन्यात फक्त सहा दिवसांचा कर आहे."

घरातील मंडळी हसली. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु मुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले पाहिले आणि हे प्रकरण आहे तरी काय, हे समजून घेणे आम्ही आपले कर्तव्य मानले. त्या जिज्ञासेचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमध्ये तो जन्मास आला; 2009 साली प्रथम लोकांपुढे आला आणि 2011 साली पूर्ण रूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. ठोकळे खणावेत, रचावेत, शेत पिकवावे, वाडे उभारावेत. घरच्या संगणकावर एकट्याने खेळले तर हा निव्वळ घरकुलाचा खेळ. परंतु सर्व्हर नावाच्या सामाईक संगणकावर देशोदेशीचे खेळाडू एकाच जगात उतरतात, आणि मग घरकुलाचे राजकारण होते. अशा अनेक सर्व्हरांवर 'टाउनी' नावाची एक जोड बसविलेली असते. गावांचा आणि राष्ट्रांचा हिशेब ती ठेवते. पैसे भरून गाव वसवावे; 16 ठोकळे लांब आणि 16 ठोकळे रुंद असे जमिनीचे तुकडे एकेक करून आपल्या नावे करून घ्यावेत; पुढे त्या गावास राजधानी करून राष्ट्र जाहीर करावे. नावावरच्या जमिनीत परक्यास कुदळ मारता येत नाही. मात्र या संरक्षणाचे मोल रोजच्या रोज खजिन्यातून वळते होते. खजिना रिता झाला की गाव मोडते आणि संरक्षण उठते. मग कोणीही यावे, भिंती फोडाव्यात, पेट्या रित्या कराव्यात. तपशील सर्व्हरागणिक बदलतात, गाभा हाच.

आमच्या नातवाचे राष्ट्र एकट्याचे. राजा तोच, गवंडी तोच, शेतकरी तोच आणि पहारेकरीही तोच. दोन वर्षे खपून त्याने पांढऱ्या दगडाचा एक वाडा बांधला आहे. तो आम्ही पडद्यावर पाहिला. मुलाच्या हाताला वळण आहे, असे आजोबापणाचा पक्षपात वगळूनही म्हणता येईल.

या जगातील एक नियम आम्हांस विशेष वाटला. खेळाडूच्या आसपासचा तेवढाच प्रदेश चालता राहतो. जेथे कोणी नाही, तेथील व्यवहार गोठतो. नातू शेताजवळ असेल तोवरच त्याचा गहू वाढतो; तो उठून जेवावयास आला की कणीस आहे तेवढेच राहते. कराचा दिवस मात्र घड्याळाप्रमाणे उजाडतो. पीक धन्याची वाट पाहते, कर कोणाचीच पाहत नाही. वीस जणांच्या राष्ट्रात कोणी ना कोणी जागा असतो, शेते पिकत राहतात, खजिन्यात भर पडत राहते. एकट्याच्या राष्ट्रात राजा झोपला की राष्ट्रच झोपते. शिवाय जेथे युद्धास मुभा आहे, तेथे शत्रूने दुसऱ्या गोलार्धातून, म्हणजे आपल्या मध्यरात्री, चाल केली तर सकाळी उठून अवशेष मोजण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरी अडचण विस्ताराची. पुष्कळ ठिकाणी जितके रहिवासी तितकी जमीन, असे प्रमाण ठरलेले असते. रहिवासी हवेत तर जमीन आणि सोयी हव्यात. जमीन हवी तर आधी रहिवासी हवेत. नवा खेळाडू साहजिकच जेथे बाजार भरला आहे, गप्पा चालल्या आहेत, तेथे जातो. एकाकी वाड्याच्या दाराशी येऊन थांबावे, असे त्यास का वाटावे?

"मग एखाद्या मोठ्या राष्ट्रात सामील का होत नाहीस?" आम्ही विचारले. त्यास तशी निमंत्रणे आली होती. पण तेथील राजा सांगेल त्या युद्धात उतरावे लागेल, त्याला कर द्यावा लागेल, आणि नकाशावर स्वतःचे नाव राहणार नाही. हे ऐकताना आम्हांस तैनाती फौजेची आठवण झाली. 1798 साली निजामाने आणि 1802 साली वसईस दुसऱ्या बाजीरावाने जो करार केला, त्यात संरक्षण मिळाले खरे. परंतु परराष्ट्रव्यवहाराच्या किल्ल्या इंग्रजांच्या कमरेला गेल्या. दुबळ्याचा तह नेहमी याच भावात होतो. मुलाचा हट्ट आम्हांस अगदीच पोरकट वाटला नाही तो यामुळे.

एक माणूस एक राष्ट्र, हाच ज्यात रिवाज आहे, असाही एक खेळ आहे. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी 2002 साली सुरू केलेल्या 'नेशनस्टेट्स'मध्ये प्रत्येकजण आपले राष्ट्र एकट्यानेच चालवितो. तेथे वाडे फुटत नाहीत. तरीही सामान्यतः 28 दिवस राजाने तोंड दाखविले नाही तर राष्ट्र नाहीसे होते. पुढे परतल्यास ते पुन्हा उभे करता येते, इतकाच दिलासा. आणि तेथील जागतिक सभेत ठराव मांडावयाचा तर आपल्या विभागातील निदान दोन राष्ट्रांचा पाठिंबा लागतो. म्हणजे एकट्याने जगण्याची सोय आहे, पण बोलण्यासाठी शेजारी हवेतच.

आता वाचक म्हणतील, पोरांच्या खेळाचे एवढे पुराण कशाला? त्याचे कारण सांगितले पाहिजे. परमुलखातील आपल्या मराठी वस्त्यांत वाचनालये, मंडळे, भजनी मेळे यांची काय स्थिती असते? बहुतेक ठिकाणी एक गृहस्थ असतात. वर्गणी तेच गोळा करतात, पुस्तकांना पुठ्ठे तेच घालतात, किल्ली त्यांच्याच जानव्याला असते. त्यांच्या निष्ठेस तोड नसते. मात्र त्यांना मोतीबिंदू झाला की महिनाभर दार उघडत नाही. आणि ते गेले की कपाटे कोठे गेली, हे कोणास सांगता येत नाही. आम्ही स्वतः एका लहानशा वाचनालयाचे हिशेब अकरा वर्षे एकहाती लिहिले आणि त्याचा अभिमान बाळगला. दुसऱ्याच्या हाती वही द्यावयाची तर तो खाडाखोड करील, ही आमची भीती. नातवाचीही भीती तीच होती. नव्या रहिवाशास अधिकार दिले आणि तोच पेट्या घेऊन पळाला, असे या जगात पुष्कळदा घडते.

परंतु सगळा विश्वास किंवा मुळीच नाही, असे दोनच मार्ग नसतात. टाउनीत एखाद्यास एकाच भूखंडावर बांधकामाची मुभा देता येते. खजिन्यात पैसे भरणे एकाच्या हाती आणि काढणे दुसऱ्याच्या, अशीही वाटणी करता येते. आम्ही दोघांनी बसून तो विचार केला. नातवाने शेजारच्या गावातील एका ओळखीच्या मुलास रहिवासी करून घेतले, त्यास शेत आणि एक मोकळा भूखंड दिला, आणि गहू विकून रोजचा कर भरावा, असे ठरविले. वाड्याच्या पेट्या बंदच ठेवल्या.

ग्वाल्हेरच्या मुक्कामात मुलाचे लक्ष जिलेबीवर बेताचेच होते. परतल्यावर त्याने बूट काढण्यापूर्वी संगणक लावला. राष्ट्र जागेवर होते, खजिन्यात चार दिवसांची भर पडली होती; मात्र पांढऱ्या वाड्यासमोर त्या नव्या प्रजाजनाने भडक लाल रंगाचा एक बेढब मनोरा उभा केला होता. नातू बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. "पाडावा का हो, आजोबा?" त्याने विचारले. भूखंड त्या मुलाचा, एवढीच आठवण आम्ही दिली. मनोरा अद्याप उभा आहे.

असो. वाचनालयाची वही आम्ही पुढील महिन्यात समोरच्या बिऱ्हाडातील सूनबाईंच्या स्वाधीन करणार आहोत. त्यांचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे, हे आम्हांस ठाऊक होतेच.