आपली गती, कोणाचा वेळ?

मोठ्या दुकानांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना आता मोबाइलवर ॲप देतात. छोटे व्हिडिओ, प्रत्येकाखाली चार-पाच प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. ‘तुमच्या गतीने शिका’ असे त्यावर लिहिलेले असते.

कल्पना मुळात चांगली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये ब्राझिलिया विद्यापीठात असा अभ्यासक्रम चालवला. विषयाचे लहान लहान भाग करायचे, एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. चाचणीत चुकले तरी गुण जात नसत, पुन्हा बसता येई. आणि चाचणी तपासायला समोर एक विद्यार्थी असे, तोच अभ्यास आधी पार केलेला. कुठे चुकले ते तो तिथल्या तिथे समजावी. केलर यांच्या 1968 च्या गाजलेल्या लेखाचे नाव ‘गुडबाय, टीचर’ असले, तरी माणसाला त्यांनी निरोप दिला नव्हता.

तो आपल्या दुकानदारांनी दिला.

माझी भाची कपड्यांच्या एका दुकानात लागली. दिवसभर उभी, रात्री दहाला घरी. मग स्वतःच्या डेटावर इंग्रजी धडे, आणि आठवड्यात संपवायची ताकीद. यात गती कसली आणि आपली कसली? “मामू, बरोबर लागेपर्यंत बटण दाबत राहायचं,” ती म्हणाली. प्रमाणपत्र मिळाले. पण ‘हा रेयॉन धुतल्यावर आटेल का?’ असे एका बाईंनी विचारले, तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या जुन्या सेल्समनकडे धावावे लागले. आतल्या शिवणीतली पट्टी कशी वाचायची, हे त्याने दोन मिनिटांत दाखवले.

म्हणून उस्ताद-शागिर्दीचे गोडवे मी गाणार नाही. आपल्याकडे कित्येक पोरांनी कात्री हाती येण्याआधी वर्षभर नुसता चहा आणला आहे. ॲप ओरडत नाही, धडा दहादा दाखवते. चारचौघांत प्रश्न विचारायला लाजणाऱ्या मुलीला ते सोयीचेच आहे.

फक्त ते ड्यूटीच्या वेळेत हवे, मराठीत हवे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात जादा कामाला दुप्पट वेतन आहे. मालकाच्या हुकमाने रात्री केलेला अभ्यास मात्र कोणी काम समजत नाही. आणि त्या जुन्या सेल्समनचे काय? विक्रीवर कमिशन मिळवणारा माणूस शिकवायला थांबला की त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. त्या वेळेचे पैसे त्यालाही मिळायला हवेत.