‘फायबर’मधली गाळलेली काच

स्पर्धेच्या दिवशी एका परीक्षकांनी माझ्या छातीवरच्या पत्र्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, “फायबर?” मी मान डोलावली. ते खूश झाले. माझ्या शेजारच्या मुलीचं चिलखत फोमचं होतं आणि माझ्यापेक्षा कितीतरी बारीक कामाचं होतं. तिच्या खांद्यावर त्यांनी टकटक केली, पण आवाज आला नाही. ते पुढे सरकले.

माझं भांडण या टकटकीशी आहे.

आधी शब्दाबद्दल. मराठीत आपण फायबरची मूर्ती, फायबरचा पुतळा, फायबरचा दरवाजा म्हणतो. फायबरग्लासमधली ‘ग्लास’ आपण कधीच गाळून टाकली. उरलेला शब्द ओट्सच्या पाकिटावरही असतो, त्यामुळे तो पौष्टिक वाटतो. प्रत्यक्षात ती काच आहे, केसाहून बारीक ओढलेली. आणि तिला जखडून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन म्हणजे साधारण 30 ते 45 टक्के स्टायरीन. डोकं धरायला लावणारा तो गोडसर वास स्टायरीनचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. एक चिलखत केलं म्हणून कुणाला कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. पण दुकानातून आणलेल्या डब्यावर यातलं काही लिहिलेलं असतं का, ते एकदा बघा.

मला तर डबाही मिळाला नव्हता. तीन वस्तू मिळाल्या: सुट्टं रेझिन, छोट्या बाटलीत जांभळट कोबाल्ट आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत पाण्यासारखंच दिसणारं हार्डनर. बाटलीवरचं लेबल पाणीवाल्या कंपनीचं. हे हार्डनर म्हणजे एमईकेपी, एक सेंद्रिय पेरॉक्साइड. डोळ्यात थेंब उडाला तर लगेच निदान पंधरा मिनिटं पाण्याने डोळा धुवावा लागतो, आणि तरीही तो कायमचा जाऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग वेगळ्याने हार्डनर टाकायचं. ही दोन्ही थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडू शकतो, स्फोटही होऊ शकतो. दुकानदाराने मला एवढंच सांगितलं, “दोन टक्के टाका, उन्हाळ्यात कमी.” जी बाटली माझ्या ओट्यावर फिल्टरशेजारी उभी राहणार होती, तिच्याबद्दल एवढंच.

कृती आता बारावीतल्या मुलालाही पाठ असते. पेपाकुरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेल उलगडायचं, जाड कागदावर छापायचं, कापून चिकटवायचं. बाहेरून रेझिनचा हात, आतून काचेची मॅट, वर लांबी भरून पॉलिश पेपर, मग रंग. आम्ही हे सगळं परदेशी व्हिडिओ बघून शिकलो. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या मागे गाडी मावेल एवढं गॅरेज असतं आणि त्याचं शटर अख्खं उघडं असतं. आमच्याकडे ताथवड्यात वन बीएचके, त्यात तिघं आणि एक गॅलरी. आम्ही त्याच्याकडून कृती उचलली आणि शटर तिकडेच राहिलं.

मी मे महिन्यात गॅलरीत काम केलं. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफेला ठिणगी पुरते तो, सुमारे 31 अंश सेल्सिअस आहे. पुण्यातल्या मे महिन्यात 31 अंश म्हणजे दुपार सुरूही झालेली नसते. पलीकडच्या गॅलरीत काका सिगरेट ओढत होते. हे गणित मी नंतर केलं. इंजिनिअर असून नंतर.

तोंडाला कोरोनातला उरलेला एन-95 होता. तो धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि तो दाढीवर बसत नाही, कडेने हवा आत येते. महाराजांसारखी दाढी राखलेल्या आमच्या पिढीला हे कुणी सांगितलेलं नाही. शिवाय थोड्या वेळाने नाकाला सवय होते. वास येईनासा झाला की आपल्याला वाटतं हवा साफ झाली.

माझ्या एका रूममेटला लहानपणापासून दमा. रात्री दोनला तो उठून बसला. पंपाने उतार पडेना. स्कूटरवर मागे बसवून नेला, नेब्युलायझर लावला. डॉक्टरांनी विचारलं, “घरात रंगकाम वगैरे चाललंय का?” मी म्हणालो, नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. रेझिनमुळेच झालं हे कोर्टात सिद्ध होणार नाही, पण मला शंका नाही. त्याला मी आठवड्याने सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने दुसरी खोली बघितली.

मेकिंगच्या व्हिडिओत ती रात्र नाही. मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होते तो क्षण आहे, स्लो मोशनमध्ये. त्यालाच सगळ्यात जास्त लाइक्स.

हे कुठेही बोललं की ठरलेलं उत्तर येतं: “मूर्तीवाले, बॉडीवाले वर्षानुवर्षं रुमाल बांधून हेच करतात, त्यांना काय झालं?” ज्यांना झालं ते कारखान्यात उभे राहून तुम्हाला उत्तर द्यायला थांबलेले नसतात, ते गावी गेलेले असतात. आणि जे थांबलेत त्यांना विचारलंत का? आपण विचारतो तो भाव. घरी वास नको म्हणून काम त्यांच्याकडे देणारे मित्र माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी धोका कमी केला नाही, दुसऱ्याच्या छातीत नेऊन ठेवला. पैसे देताना दोनशे रुपयांची घासाघीस केली ती वेगळीच.

दुसरं उत्तर, मास्क महाग पडतो. माझ्या चिलखतातल्या एलईडी, बॅटरी आणि रंगाला मास्कपेक्षा जास्त पैसे लागले. ते लागले तेव्हा कुणी कुरकुरलं नाही.

फोम निर्दोष आहे असंही नाही. त्याला लावतात त्या सोल्यूशनमध्ये टोल्यूइन असू शकतं, हीट गनने जास्त तापवला तर धूर येतो, घासला तर धूळ उडते. इपॉक्सीला वास कमी म्हणून ते सुरक्षित, हाही गैरसमज. त्याच्या हार्डनरने कातडीला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. पण फोमचं चिलखत करताना काचेचा भुगा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडत नाही. ज्याच्याकडे उघडी जागा आणि योग्य मास्क आहे त्याने खुशाल फायबर करावं, वॉटर पेपर भिजवून घासावं. ज्याच्याकडे गॅलरी आहे त्याने करू नये. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे असं आम्हाला शिकवलं ते त्या टकटकीने. आवाज आला की खरं, नाही आला की नवशिक्या. पडद्यावरचा आयर्न मॅन बऱ्याच दृश्यांत निव्वळ कॉम्प्युटरवर केलेला आहे, त्याला कुणी टकटक करून बघत नाही.

म्हणून आयोजकांशी थेट बोलतो. तुमच्या फॉर्मवर कॅरेक्टरचं नाव, किती तास लागले, किती खर्च आला असे रकाने असतात. आणखी एक टाका: रेझिनचं काम कुठे केलं, कुणी केलं आणि त्याच्या तोंडाला काय होतं. फोटो मागा. फोटो नसेल तर फिनिशिंगचे गुण देऊ नका. पहिल्या वर्षी माझ्यासारखे बरेच जण बाद होतील. होऊ देत.